फसलोय म्हणू नकोस

माझी आत्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाली ती शाळेतून, शिकवण्यातून नाही. हे पुरतं ठाऊक असूनही गेल्या रविवारी मी तिला शेजारच्या सीटवर बसवून नाशिकरोडहून आनंदवल्लीला निघालो. तिच्या नातवाचा साखरपुडा होता. पुढच्या दोन गाड्या माणसांनी भरल्या, म्हणून पाच किलो पेढे, अंगठी आणि आत्या असा ऐवज माझ्या वाट्याला आला. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. पावणेदहाला निघालो, म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता. द्वारकेपर्यंत तरी होता.

द्वारका चौकात पुण्याचा रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग एकमेकांना भेटतात आणि मग बराच वेळ निरोपच घेत नाहीत. आग्र्याला जाणारे डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून भुर्रकन जातात. आनंदवल्लीला जाणारे खाली उभे राहून त्यांच्या चाकांचा आवाज ऐकतात. जागेच्या नावात द्वार आहे, एवढाच काय तो दिलासा.

माझ्यापुढे कांद्याचा ट्रॅक्टर, डावीकडे रिक्षा, उजवीकडे बस. मागचा नुसता हॉर्न ऐकू येत होता. तेवढ्यात आतेभावाचा फोन आला.

"कुठे आहात?"

"द्वारकेला. ट्रॅफिकमध्ये फसलोय."

मी फोन ठेवायची आत्या वाटच बघत होती. "फसलोय काय? कोणी फसवलं तुला?"

"मोबाइलच्या नकाशाने. हिरवी रेघ दाखवत होता."

"मग त्याच्यापुरतं ठीक. पण रस्त्यात फसणं हे हिंदी झालं. मराठी माणूस भिशीत फसतो."

"बरं, जाम लागलाय."

"जाम झाडाला लागतात."

"तुंबलोय म्हणू?"

"तू गटार आहेस का? तुंबलीय ती वाहतूक. आपण तिच्यातला गाळ."

दहा मिनिटांत आम्ही एका रिक्षाच्या लांबीइतके पुढे सरकलो. मग ट्रॅक्टर जो थांबला तो थांबलाच. "चाक रुतलं वाटतं त्याचं," मी म्हणालो. म्हटलं, कर्णाचा आधार आहे, या शब्दाला तरी हात लावणार नाही. पण आत्या म्हणाली, "रुतायला खाली मऊ लागतं. चिखलात चाक रुततं, तळपायात काटा रुततो. इथे डांबर आहे." मी खिडकीतून खाली पाहिलं. डांबर होतं, पण अधूनमधून. मधल्या जागेत कर्णाची सोय सहज झाली असती.

पुन्हा फोन. या वेळी मी सावधपणे म्हणालो, "खोळंबलोय."

"खोळंबलेत ते तिकडचे," आत्या फोनच्या वरताण आवाजात म्हणाली. "गुरुजी खोळंबलेत, मुलीकडचे खोळंबलेत. दुसऱ्याच्या पायी थांबून राहतो तो खोळंबतो. आपण अडकलोय. खोळंबणारा वाट बघतो, अडकणाऱ्याला वाट हवी असते."

"आणि रखडणं?"

"ते कामाचं. त्याला माणूस लागतच नाही. माणूस नसतो म्हणूनच ते रखडतं."

खरं सांगतो, मला हे पटलं. पण पटल्याचं दाखवलं की आत्या पुढचा धडा काढते, म्हणून मी गप्प बसलो. तरी तिने काढलाच. पर्समधून अडकित्ता काढून ती सुपारी कातरायला लागली. मला वाटलं, आता आपणही चार गुण मिळवावेत. "अडकित्ता अडकण्यावरूनच आला असणार, नाही? सुपारी बरोबर मधे अडकते."

"कानडीतून आलाय. अडिके म्हणजे सुपारी, कत्ती म्हणजे सुरी. अडकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही." कट्‌कन सुपारीचे दोन तुकडे झाले. माझे गुण गेले.

शेजारच्या रिक्षावाल्याने जरा मागे घेतलं असतं तर डावीकडून वाट निघत होती. मी काच खाली केली, हात जोडले, "दादा, दादा" करून झालं. काच वर करता करता पुटपुटलो, "अडला हरी..."

"म्हण अर्धीच ठेव. त्याने काच लावलेली नाही, आणि दुसरा अर्धा त्याच्यावर जातो."

रिक्षाला काच नसतेच, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. रिक्षावाल्याने मात्र हसून रिक्षा हातभर मागे घेतली.

साडेदहा वाजले. वरून आग्र्याच्या गाड्या जातच होत्या. मी वैतागून म्हणालो, "१६६६ साली आग्र्यात अडकलेले महाराजसुद्धा सुटले, आपण द्वारकेतून सुटेनात!"

"महाराज अडकले नव्हते. त्यांना अडकवलं होतं. अकर्मक आणि सकर्मक यातला फरक शिकवलाय मी तुला." मग तिने मागे वळून पेढ्यांच्या खोक्यांकडे पाहिलं. मिठाईच्या पेटाऱ्यांचा विचार आम्हा दोघांच्याही मनात एकदमच आला असावा, पण खोकी एकेक किलोची होती आणि आत्या पंचाहत्तर किलोची.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "राघोबादादाच्या मोहिमेत, १७५८ साली, मराठ्यांची फौज पार अटकेपर्यंत गेली रे. सिंधूकाठी! आणि त्याच राघोबादादाच्या आनंदवल्लीला, आनंदीबाईच्या नावाच्या गावाला, आपल्याला नाशिकरोडहून पोचवेना." तिच्या आवाजात पहिल्यांदाच शिक्षिका नव्हती, उशीर झालेली आजी होती. मी हॉर्न वाजवला. काही उपयोग नव्हता, पण आत्यासाठी वाजवला.

ट्रॅक्टर हलला. कसा, का, कोणाच्या पुण्याईने, काही कळलं नाही. पुढचा रस्ता असा मोकळा मिळाला की अशोक स्तंभाला ओढून पिवळ्या दिव्यातून निघालो आणि आत्याने डोळे मिटून घेतले. कार्यालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. "खोळंबा झाला हो तुमचा," असं ती मुलीकडच्यांना इतकं नेमकं म्हणाली की मीच दाद द्यायचा राहिलो.

अंगठी निघाली, नातवाने नवरीचं बोट धरलं, फोटोवाला वाकला. अंगठी पहिल्या पेरावरून गेली आणि दुसऱ्यावर थांबली. नातवाने जरा जोर लावला. ती पुढेही जाईना, आता मागेही येईना. नवरी ओठ दाबून हसत होती, तिच्या आईचं हसू मात्र गेलं होतं. कोणी म्हणालं तेल, कोणी म्हणालं साबण. मी आत्याकडे पाहिलं. रुतली म्हणते की अडकली, मला खरोखरच ऐकायचं होतं.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "जाम झाली की!"

मी काही बोललो नाही. खोकी उघडली आणि पेढे वाटायला घेतले.