आयर्स्टचा परिच्छेद राहणार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या, चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला मारलं त्यावरच्या चित्रपटाच्या निमित्ताने मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिखट आहे, पण तळमळीने लिहिलेली आहे. नुसते आभार मानून मोकळं होणं बरं नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. चापेकरांवरच्या लेखात आयर्स्ट नावाच्या एका गोऱ्या लेफ्टनंटसाठी मी अख्खा परिच्छेद खर्ची घातला. रँडलाही माणूस म्हणून रंगवा असं म्हणून मी हुतात्म्यांना खुन्यांच्या पंगतीला बसवलं. अशा चित्रपटाने स्फूर्ती द्यावी, शत्रूची कणव कशाला? आणि 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाला नाकं मुरडणाऱ्यांनी मारेकऱ्याचं मन समजून घेण्याच्या गोष्टी करू नयेत. शेवटी, तो परिच्छेद काढून टाका.

आधी ती रात्र पाहू. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसवर, म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, समारंभ होता. टेकड्यांवर जाळ पेटवलेले, बघ्यांची ही गर्दी. दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू संध्याकाळपासून गणेशखिंड रस्त्यावर एका पिवळ्या बंगल्याच्या आसपास होते. जवळ तलवारी होत्या. त्या घेऊन गर्दीत वावरलं तर कुणाच्याही डोळ्यांवर येईल, म्हणून त्या एका दगडी मोरीखाली लपवल्या. रँडची गाडी समारंभाला जाताना त्यांनी पाहिली आणि जाऊ दिली. परतताना गाठायचं ठरलं. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी निघाली. दामोदर मागून धावला, 'गोंद्या आला रे' अशी खुणेची हाळी दिली, गाडीमागचा पडदा सोडवून गोळी झाडली. बेत असा होता की दोघांनीही रँडवरच गोळ्या झाडायच्या, म्हणजे तो वाचायला नको. पण बाळकृष्ण मागे पडला. पाठच्या गाडीतली माणसं आपसात कुजबुजताहेत असा त्याला संशय आला आणि त्याने त्यातल्या एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो आयर्स्ट. तो जागीच गेला. रँड ससूनमध्ये ३ जुलैपर्यंत जिवंत होता.

म्हणजे ज्याला मारायचं होतं तो अकरा दिवस तग धरून राहिला आणि जो बेतातच नव्हता तो आधी मेला. पडद्यावर हे गाळलं तर प्रसंग एकदम सोपा होतो: जुलमी अधिकारी, निधडे तरुण, एक गोळी, पडदा. पण मग आयर्स्टबरोबर बाळकृष्णही हातचा जातो. अंधारात मागे पडलेला, भावाची हाक ऐकू आलेली, पुढची गाडी निघून चाललेली, आणि क्षणात काहीतरी ठरवायचंय. तो घाबरला असेल. चुकलो हे त्याला तिथेच कळलं असेल किंवा नसेलही. मला तो बाळकृष्ण पाहायचाय. चिंचवडच्या चौकातल्या पुतळ्यापुढे मीही हात जोडते. पण पुतळ्याला जे जमत नाही ते करायला चित्रपट असतो.

आता रँड. त्याला माणूस म्हणून दाखवा याचा अर्थ त्याला माफ करा असा नाही. १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांनी पुण्यातली घरं झडतीला घेतली, सामानसुमान जाळलं, बायाबापड्यांना तपासणीच्या नावाखाली चारचौघांत बेइज्जत केलं. सोजिरांनी देव्हारा अंगणात भिरकावल्याची तुमच्या पणजीबाईंची जी आठवण तुम्ही लिहिली आहे, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं दाखवायलाच हवं, हातचं काही न राखता. पण रँड स्वतःला जुलमी समजत नव्हता. आपण शहर वाचवतोय असंच तो धरून चालला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मांडलं १८९८ साली, रँड मेल्यावर. तोवर सरकार रोग शोधत होतं ते लोकांच्या माजघरात, कपड्यालत्त्यांत, काखेत आणि जांघेत. आपण करतोय ते तुमच्या भल्याचंच आहे, अशी ज्याची खात्री आहे आणि म्हणून जो कुणाचं म्हणून ऐकत नाही, तो अधिकारी मला मिशा पिळणाऱ्या खलनायकाहून फार भयंकर वाटतो. तसा रँड उभा राहिला, तर अर्ज-विनंत्यांनी काही होणार नाही हे दामोदरला का वाटलं ते प्रेक्षकाला आपोआप कळतं. रँडचं बुजगावणं केलंत, तर चापेकरांच्या संतापातली धगच जाते.

पुण्याला राजकीय खून नवे नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापलं, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. तो खून आपल्या स्मरणात आहे तो मरणाऱ्याच्या तोंडून: 'काका, मला वाचवा.' रँडचा खून आठवतो तो मारणाऱ्याच्या तोंडून. वाड्यातल्या खुनावर गोष्टी झाल्या, नाटकं झाली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त रामशास्त्री मेलेल्याच्या वतीने उभे राहतात. रँडच्या बाबतीत तसं व्हावं असं मी म्हणत नाही. तो परक्या सत्तेचा हस्तक होता, नारायणराव नव्हे. पण कलाकाराला निदान ठाऊक असावं की आपण कोणाच्या बाजूला उभं राहून ऐकतोय, आणि त्यामुळे काय ऐकू येत नाही.

नथुरामचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. त्या नाटकावर बंदी घाला असं मी कधीही म्हटलेलं नाही. १९९८ साली प्रयोग थांबवले ते मला पटत नाही. माझी तक्रार नाटकाच्या रचनेबद्दल आहे. बोलणार कोण ते नावातच सांगितलंय. मारेकरी प्रेक्षकांशी थेट बोलतो, टाळ्या घेतो, आणि गोळी लागली ती कोणाला हे प्रेक्षकाच्या मनात मागे पडत जातं. याउलट अ‍ॅटनबरोंचा 'गांधी' (१९८२) आठवा. तो हत्येनेच सुरू होतो आणि शेवटी पुन्हा हत्येशी येतो. पहिल्या वेळी एक म्हातारा पडतो. तीन तासांनी तोच प्रसंग येतो तेव्हा कोण पडलं हे आपल्याला ठाऊक असतं. मारेकऱ्याला बोलू द्या, जरूर द्या. पण मेलेला माणूसही समोर हवा. हाच नियम मी रँड-आयर्स्टला लावला, हाच गांधींना लावते.

आपल्यांची बाजू घ्या, हे तुमचं म्हणणं सगळ्यात अवघड. १० ऑगस्ट १९८६ रोजी याच पुण्यात निवृत्त लष्करप्रमुख जनरल वैद्य यांना, ते स्वतः गाडी चालवत असताना, शेजारी पत्नी बसलेली असताना, खलिस्तानवाद्यांनी गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांना हुतात्मा मानणारे लोक आहेत. त्यांच्यावर पंजाबीत चित्रपटही निघाला आणि २०१५ मध्ये तो अडवला गेला. चापेकरांशी त्यांची तुलना मी करत नाही. पण 'आपला मारेकरी, म्हणून नुसती स्फूर्ती' एवढाच नियम असेल, तर त्या चित्रपटवाल्यांना आपण कुठल्या तोंडाने अडवणार? पुणेकर म्हणून तेव्हा आपल्याला वैद्य दिसायला हवे असतात.

तेव्हा तो परिच्छेद राहील, आणि त्याखाली तुमची प्रतिक्रियाही आहे तशी राहील. पुढचा लेख चापेकरांची खबर सरकारला देणाऱ्या द्रविड बंधूंवर आहे. वीस हजारांचं बक्षीस, फितुरी, आणि ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री त्यांना घराबाहेर बोलावून गोळ्या घालणारे, दामोदरचा धाकटा भाऊ वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. वासुदेवाने तेव्हा विशीही गाठली नव्हती. इथे मरणारेही पुण्याचेच, त्यामुळे गोरा-काळा हिशेब कामाला येत नाही. त्यावरही तुम्ही भांडाल, भांडाच. आणि तुमच्या घरच्या आठवणी जरा सविस्तर लिहून पाठवा: घर कुठल्या पेठेत होतं, सोजिरांबरोबर कुणी देशी माणूस होता का, घरातल्या कुणाला प्लेगच्या छावणीत नेलं का. त्या लेखात तुमच्या परवानगीने घेईन.