४.८ मीटर भरती म्हणजे वाशीत ४.८ मीटर पाणी नव्हे

ग्रुपवर फिरतंय की ४.८ मीटरची भरती आहे म्हणजे वाशी-बेलापूरला दीड मजला पाणी भरणार, प्लीज हे पुढे पाठवू नका, घरातली म्हातारी माणसं उगाच घाबरतात. तो आकडा रस्त्यापासून मोजलेलाच नसतो, चार्ट डेटमपासून असतो, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी, आणि मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्याच्यावर अडीच मीटरच्या आसपास आहे. अशा भरत्या पावसाळ्यात येतातच.

आणि हा आकडा बराच आधी काढून ठेवलेला असतो, जुन्या नोंदींतून चंद्र-सूर्याच्या ओढीचे घटक वेगळे करून (मुख्य घटक दर १२ तास २५ मिनिटांनी परत येणारा), त्यात त्या दिवशीचा वारा, हवेचा दाब, पाऊस काहीच धरलेलं नसतं. दाब १ मिलिबारने उतरला तर पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं, ते ऐनवेळी वेगळं जोडावं लागतं.

खरा धोका भरतीच्या टायमालाच जोराचा पाऊस असेल तेव्हा, कारण खाडी चढली की होल्डिंग पाँडचे (शहरातलं पावसाचं पाणी साठवायचे तलाव) फ्लॅप गेट, म्हणजे खाडीचं पाणी आत येऊ न देणाऱ्या झडपा, बंद होतात आणि पावसाचं पाणी आतच साठत जातं, त्यात पाँड गाळाने भरलेला असेल तर ते लवकर रस्त्यावर येतं. म्हणून भरतीची वेळ आणि पावसाचा अलर्ट दोन्ही सोबत बघा.