कुलूप दारात, दुखणं बिजागरीत

सेंट्रल लॉक बिघडलं की आधी माणसाची ऐट जाते. मागे न बघता रिमोटचं बटण दाबायचं, गाडीने दिवे मिचकावून होकार द्यायचा आणि आपण चालू लागायचं, हे सुख संपतं. मग गाडीभोवती प्रदक्षिणा सुरू होते. एकेक हँडल ओढून बघायचं, डिकी तपासायची, ड्रायव्हरच्या दाराशी परत यायचं आणि मगाशी मागचं डावं दार खरंच ओढलं होतं का, या शंकेने दुसरी फेरी मारायची. लांबून बघणाऱ्याला हा मालक आहे की चोर, ते ठरवता येत नाही. चोर एवढा वेळ लावत नाही, हाच काय तो फरक.

अशा वेळी आजूबाजूच्या सगळ्यांचं पटकन एकमत होतं : ‘अ‍ॅक्चुएटर गेला.’ शब्द वजनदार आहे, आणि उच्चारणाऱ्याला पुढे कोणी काही विचारत नाही. प्रत्यक्षात अ‍ॅक्चुएटर म्हणजे दाराच्या पोटात बसलेली एक चिमुकली मोटर आणि दोन-तीन प्लॅस्टिकचे गिअर. साध्या रचनेत मोटरला दोन वायरी. एकीत १२ व्होल्ट आणि दुसरी अर्थला, की कुलूप लागतं. उलटापालट केली की उघडतं. तेही अर्धा-एक सेकंद. वर्षभराचं काम एकत्र केलं तरी तासभर भरणं कठीण. इतकी निवांत नोकरी असलेल्यावर माझा पहिला संशय जात नाही. तो जातो मोटरपर्यंत वीज पोचवणाऱ्या वायरींवर, आणि त्यातही बिजागरीपाशी, गाडीच्या खांबातून दारात शिरणाऱ्या त्या काळ्या रबरी नळीतल्या वायरींवर. दार उघडलं की त्या सरळ होतात, लावलं की दुमडतात. सगळ्यात जास्त वेळा ड्रायव्हरचं दार उघडतं, म्हणून बहुतेकदा तिथल्याच आधी तुटतात. आणि लोक तिकडे दुकानात अ‍ॅक्चुएटर निवडत उभे असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हत्यारं काढायच्या आधी गाडीची थोडी उलटतपासणी घ्यावी. रिमोटने काहीच होत नाही, पण ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की चारही दारं लागतात? मग दारं निर्दोष आहेत, रिमोटमधला चपटा सेल बदला. बहुधा तो सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. चारही दारं मुकी झाली असतील तर फ्यूज बघा. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली अशा जागी असतो की तो बघायला डोकं क्लच पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर ठेवावे लागतात. सेंट्रल लॉकचा फ्यूज साधारण १५ ते २५ अँपिअरचा असतो : १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. ‘निळा टिकत नाही म्हणून ३० चा हिरवा टाकला’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांचा फ्यूज पुढे खरंच टिकतो, जळते ती वायर. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी सोललेली वायर पत्र्याला टेकतेय. कुठे, ते वर सांगितलंच.

मागचं दार फक्त आतून उघडत नसेल, तर कृपा करून काहीही खोलू नका. दार उघडून त्याच्या कडेला बघा, तिथे चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो. गाडी धुताना तो सरकतो आणि मग घरातली सगळी मोठी माणसं लहान मुलांच्या जागी बसतात.

दारं लागतात आणि त्याच क्षणी परत उघडतात, हा प्रकार सगळ्यात चमत्कारिक वाटतो. भुताटकी वगैरे काही नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या लॅचमध्ये, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या खटक्यात, एक बारीक मायक्रोस्विच असतो, जो सगळ्या दारांना हुकूम देणाऱ्या कंट्रोल युनिटला ‘लागलं’ किंवा ‘उघडं आहे’ असं कळवतो. त्याचे कॉन्टॅक्ट खराब झाले, किंवा त्याचीच वायर त्या रबरी नळीत तुटली, की तो खोटी खबर देतो आणि युनिट इमानाने सगळी दारं उघडून टाकतं.

एकच दार रुसलं असेल तर त्याला कान लावा आणि दुसऱ्या कोणाला बटण दाबायला सांगा. (दुसऱ्या कोणाला याचा कंटाळा लवकर येतो, म्हणून नीट ऐका.) घर्र असा मोकळा आवाज आला, तर मोटर फिरतेय पण गिअरचे दात गेलेत. टक् होतं पण खटका हलत नाही, तर लॅच किंवा त्याची सळई अडकलीय. अगदीच शांतता असेल तर वीज पोचत नाही, किंवा पोचूनही मोटर उठत नाही. आता दार हळूहळू उघड-बंद करत बटण दाबत राहा. एखाद्या ठराविक कोनात लॉक अचानक शहाणं झालं, तर आणखी पुरावा नको. तुटक्या वायरीची टोकं त्या कोनात एकमेकांना भेटतात, एवढाच त्याचा अर्थ. गॅरेजमध्ये नेल्यावर लॉक नेमकं व्यवस्थित चालतं ते याचमुळे : तिथे दार सताड उघडं असतं.

रबरी नळीची टोकं पत्र्यात दाबून बसवलेली असतात. साबणाचं पाणी लावून, प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने उचकटून ती मागे सरकवता येतात. काही गाड्यांत खांबाच्या बाजूला नळीतच मोठा कनेक्टर असतो, तो खटका दाबून सुटतो. आत डझनभर वायरी एकमेकींना बिलगून बसलेल्या दिसतील. प्रत्येकीला हलकेच ताणून बघा. धडधाकट वायर ताणत नाही. तुटलेली, वरून आवरण शाबूत असूनही, रबरासारखी लांबते. आवरण फाटून तांब्यावर हिरवट बुरशी चढलेलीही एखादी सापडेल. एक सापडली म्हणून थांबू नका. शेजारणींनीही तेवढेच हेलपाटे घातलेत.

इथे डिजिटल मल्टिमीटर चक्क फसवतो. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. मोटरने अँपिअर मागितले की त्या एका तंतूचा जीव जातो आणि व्होल्टेज कोसळतं. शिवाय अर्ध्या सेकंदाचा झटका स्क्रीनवर आकडा स्थिरावायच्या आत संपतो. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि अ‍ॅक्चुएटरच्या कनेक्टरच्या दोन पिनांवर लावा (तिथे पोचायला दाराचं पॅड उतरवावं लागतं, ते पुढे येतंय). हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास खातो. बटण दाबल्यावर झगझगीत चमकला तर वायर ठीक, दोष मोटरचा. मिणमिणला तर वायर. बल्बला भीड नसते.

वायर जोडताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवायची. दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असेल तर त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि पिवळ्या कनेक्टरच्या वाटेला जायचंच नाही. किल्ली खिशात ठेवायची, गाडीत अजिबात नाही. बॅटरी परत जोडताच काही गाड्या सगळी दारं आपसूक लावून घेतात, आणि त्या क्षणी गाडीचं सेंट्रल लॉक उत्तम चालू असतं.

तुटलेली टोकं आहेत त्याच जागी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं ही दुरुस्ती मी धरत नाही. उन्हात पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी सुटते आणि आत राहतो एक काळा चिकट गोळा. दोन्ही बाजूंनी खराब भाग कापून टाका आणि मध्ये बारीक तंतूंची लवचीक वायर सोल्डर करून घाला, ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची. तुकडा इतका लांब घ्या, की एक जोड दाराच्या आत जाईल आणि दुसरा खांबाच्या आत, दुमडणाऱ्या भागात एकही नको. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि ताठ जागा दुमडीत आली की तिच्या काठावरच तुटते. जोड एकाच रेषेत न घेता पुढेमागे घ्या, नाहीतर नळीत गाठोडं मावत नाही. आणि हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या, नळीचा तुकडा सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायचा. हे वाक्य प्रत्येकजण वाचतो, मान डोलावतो, सुंदर सोल्डर करतो आणि मग बाजूला पडलेल्या त्या तुकड्याकडे बघत बसतो.

मोटरपर्यंत पोचायचं तर मात्र दाराचं पॅड, म्हणजे आतलं आच्छादन, उतरवावं लागतं, आणि इथे माणसाचा स्वभाव कळतो. आधी काच पूर्ण वर. मग स्क्रू शोधायचे. एक आतल्या हँडलमागच्या टिकलीखाली, एक-दोन आर्मरेस्टच्या खोबणीत, क्वचित एखादा कोपऱ्यातल्या त्रिकोणी तुकड्यामागे. कंपन्या ते इतक्या निगुतीने लपवतात की वाटावं, आत खजिना आहे. हाताने फिरवायची काच असेल तर तिच्या हँडलमागे नालेच्या आकाराची स्प्रिंग क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत फडकं घालून डावीउजवीकडे घासलं की ती सुटते, आणि सुटते ती उडूनच. ती कुठे पडली ते बघणं हाही कामाचा भाग आहे.

स्क्रू निघाले की पॅड खालच्या कोपऱ्यापासून क्लिपांवर उचलायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने, क्लिपच्या अगदी जवळून. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरला तर रंगावर त्याची सही राहते. क्लिप सुटल्याचा आवाज आणि क्लिप तुटल्याचा आवाज तंतोतंत सारखा असतो, म्हणून सात-आठ नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. शेवटी पॅड वरच्या बाजूला काचेच्या पट्टीत अडकलेलं असतं. ते बाहेर ओढायचं नाही, सरळ वर उचलायचं. तेही झटक्यात नाही, कारण मागे खिडकीच्या बटणांच्या वायरी आणि आतल्या हँडलची केबल अजून धरून बसलेली असते.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला. हा पॅकिंगचा राहिलेला कागद आहे असं समजून फाडणारे खूप. काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं, पॅडवर येऊ नये, यासाठी तो आहे. फाडला तर पुढच्या पावसात पायाखालची मॅट भिजते आणि माणूस छत गळतंय म्हणून वर बघत बसतो. चिकट पट्टी ब्लेडने मधोमध कापत कागद हळूच बाजूला करा. ती पट्टी शर्टला लागू देऊ नका. लागली तर शर्ट यापुढे गाडीच्या कामाचा.

लॅच दाराच्या कडेला बहुधा तीन टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी बसलेला असतो, अनेकदा टी-३० मापाच्या. ते घट्ट असतात. बिट पूर्ण आत ठोकून बसवल्याशिवाय जोर लावला तर खाच गोल होते, आणि मग तो स्क्रू ड्रिल घेऊनच निघतो. सळयांना प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. आधी फिरवायच्या, मग सळई काढायची. काढण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण तीन सळया परत बसवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि बरोबर त्यातला एकच.

मोटर बदलण्याआधी लॅच साफ करून बघावा. जुनं ग्रीस धुळीशी एकजीव होऊन मेणासारखं घट्ट होतं आणि बिचारी मोटर त्याच्याशी झुंजत असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून भागत नाही. तो घाण विरघळवतो, पण वंगण म्हणून टिकत नाही. घाण पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावायचं. तरीही मोटर उठली नाही तर नवा अ‍ॅक्चुएटर. युनिव्हर्सल किटमध्ये दोन वायरींचा साधा आणि पाच वायरींचा मास्टर असतो. मास्टर ड्रायव्हरच्या दारात, कारण जास्तीच्या तीन वायरी त्याच्या स्विचच्या असतात. त्याचा दांडा लॉकच्या सळईशी समांतर आणि एका रेषेत सरकला पाहिजे, तिरका बसवला तर निम्मा जोर वाया जातो. सगळी दारं लागताना हे एकटं उघडत असेल, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दाराचा स्वभाव सरळ होतो.

आता चाचणी, आणि ती दार उघडं ठेवूनच. लॅचचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, रिमोटने लॉक-अनलॉक करा, आतलं आणि बाहेरचं हँडल ओढून आकडा सुटतो का बघा. आकडा बंद असताना दार आपटलं तर तो खांबावरच्या कडीवर आदळून वाकतो. आणि सळई चुकीची बसलेली असताना दार लागलं, तर ते ना आतून उघडतं ना बाहेरून, आणि ज्या स्क्रूंनी हे सगळं सुटतं ते बंद दाराच्या आत असतात. काच पूर्ण खाली नेऊन ती नव्या अ‍ॅक्चुएटरला किंवा वायरीला घासत नाही ना, तेही कागद चिकटवायच्या आधी बघा. बॅटरी सोडवल्यामुळे काच एका झटक्यात वर जाणं विसरली असेल. बऱ्याच गाड्यांत ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की तिला आठवतं.

पॅड लावलं, स्क्रू घातले, की बाहेर उभं राहून पहिल्यांदा लॉक करा. किल्ली खिशात, आणि एक काच पूर्ण खाली. पाऊस येत असला तरी.