हत्ती गेला, डिकी राहिली

बैल घराच्या वाटेला लागला की आपोआप पाय उचलतो म्हणतात. उचलत असेल, त्याच्या मागे बसून कोणी "अजून किती?" विचारत नाही ना.

तर आम्ही गाडीने देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. १९ दिवस, ५,८४० किलोमीटर, गाडीत मी, बायको, आई, पोरगी आणि पोरगा, आणि एकही पंक्चर नाही. हे शेवटचं वाक्य मी परतीच्या वाटेवर प्रत्येक पेट्रोल पंपावर कोणाला ना कोणाला ऐकवलंय, समोरच्याने विचारलेलं नसताना. आई दर वेळी मागून म्हणायची, "बोलून दाखवू नये रे." मी म्हणायचो, अगं यात बोलून दाखवायचं काय, रोज सकाळी गाडी थंड असताना टायरची हवा तपासतो मी, चालून टायर तापले की आतली हवाही तापते आणि आकडा फुगून दिसतो, हे किती जणांना माहिती असतं? आई गप्प बसायची. आईचं गप्प बसणं मी तेव्हा हलक्यात घेतलं.

२०११ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी म्हणे शोधून काढलं की येतानाचा प्रवास जातानापेक्षा लहान वाटतो, अंतर तेवढंच असलं तरी. जाताना आपण "पोचूच की" अशा आशेवर निघतो आणि ते लांबतं, येताना मनाची तयारी करूनच बसतो, म्हणून. मला मान्य आहे, पण शेवटचे ६० किलोमीटर सोडून. ते ६० किलोमीटर वेगळ्याच मापाचे असतात. फोनवरचा नकाशा ८:४० ला पोचाल म्हणाला, मग ८:५५, मग ९:२०, म्हणजे आम्ही पुढे जातोय आणि घर मागे सरकतंय असा प्रकार. त्यात पोराला बाथरूमला जायचं होतं. "आता कुठे थांबायचं, आलंच की घर," असं बायको म्हणाली, आणि हे ती गेल्या दीड तासात चौथ्यांदा म्हणाली होती. पोराने दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, ते बघून मी मुकाट्याने गाडी पंपावर घेतली. तिथे कळलं की सगळ्यांनाच जायचं होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

परत निघालो तेव्हा नऊ वाजले होते आणि पोरीने फोनमधून मान वर न करता जाहीर केलं, "बाबा, सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, रिसर्च आहे. तू पहाटे चारला उठलास."

"कोण प्यायलंय?" आई खडबडून जागी झाली.

"कोणी नाही हो आई."

"मग ती काय म्हणतीये?"

"ती म्हणतीये बाबा प्यायल्यासारखा चालवतोय," पोराने मदत केली.

पुढचे पाच मिनिटं मी आईला पटवत होतो की मी प्यायलेलो नाही, आणि ज्या आवाजात पटवत होतो त्यावरून कोणालाही वाटलं असतं की प्यायलाय. शेवटी बायकोने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. तिने गाडी फार छान चालवली. मी शेजारी बसून उरलेले ४० किलोमीटर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होतो.

घर आलं. इंजिन बंद झालं आणि एकदम शांतता, नुसतं गाडीखालून टिक... टिक... तापलेला सायलेन्सर गार होताना धातू आकसतो त्याचा आवाज. कोणी हलेना. ज्या सीटला १९ दिवस शिव्या घातल्या त्या सीटवरून उठवेना. बंपरवर अर्ध्या देशातले किडे चिकटून वाळलेले, आणि दाराच्या दिव्यात माझे दोन हात दोन वेगवेगळ्या माणसांचे दिसत होते, खिडकीकडचा करपलेला, दुसरा आपला नेहमीचा. (समोरच्या काचेच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, तो बहुतेक यूव्हीए किरण अडवतो. बाजूची काच सहसा साधी असते, ती त्यांना येऊ देते. हे मला नंतर कळलं, हात हातचा गेल्यावर.)

"किल्ली?" बायको दारापाशी उभी राहून म्हणाली.

इथे एक सांगायला पाहिजे. माझ्या आयुष्यात ज्या वस्तू इकडेतिकडे टाकल्या त्या कधीच हरवल्या नाहीत. ज्या "नीट ठेवल्या" त्या गेल्या. निघायच्या दिवशी बायकोने घराची किल्ली माझ्या हातात देऊन "नीट ठेव" म्हटलं होतं, आणि मी ती ठेवतानाचा माझा स्वतःचा चेहरा मला आठवत होता, फार समाधानी होता. जागा आठवत नव्हती. मग रात्री सव्वादहाला सगळ्या घराण्याने पायरीवर बसून पिशव्या उपसल्या. हाताशी असावी म्हणून घेतलेली एक पिशवी होती, तिचं नावच हाताशीची पिशवी, तिच्यात तीन चार्जर, एक चप्पल (एकच) आणि उश्यांचे अभ्रे निघाले. शेवटी एका चावीवाल्याला फोन करून बोलावलं. तो आला, लॅचकडे बघितलं, आणि दीड मिनिटात दार उघडलं. तोडलंच म्हणा. या लॅचच्या भरवशावर आपण १९ दिवस निवांत झोपलो हे कळल्यावर मला त्याचे आभार मानावे का रडावं ते कळेना.

आत पाऊल टाकलं तर असा वास की आई नाकाला पदर लावून परत पायरीवर. उंदीर मेला असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि मी बॅटरी घेऊन कपाटांखाली लोटांगण घालत फिरलो. उंदीर नव्हता. सिंकखाली पाइपला जो बाक असतो त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास अडवतं, आपण इतके दिवस नसल्याने ते पाणी उडून गेलेलं आणि गटार थेट घरात राहायला आलेलं. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, झालं. हे मी मात्र दुसऱ्या दिवशी शोधलं. पहिली रात्र उंदराच्या नावाने काढली, आणि डोळे मिटले की पलंग चालू व्हायचा, पांढरे पट्टे अंगावर यायला लागायचे, मी दोनदा पाय दाबला. बायको अंधारातून म्हणाली, "ब्रेक नको मारूस, झोप."

आता डिकी. निघताना डिकी लावायला मी दोन तास घेतले होते, एकेक बॅग कोनात बसवून, बोट शिरणार नाही अशी. येताना तेवढंच सामान, पण कपडे घडीचे राहिले नव्हते, बोळे झाले होते, आणि बोळ्याला जागा लागते. त्यात पोरीने वाटेत जमवलेले दगड, ज्यातला प्रत्येक कुठला ते तिला माहिती आहे आणि एकही टाकायचा नाही. पहिल्या रात्री लागेल तेवढंच काढलं. "उरलेलं उद्या." उद्याला सगळे कामावर. मग शनिवारी. शनिवारी पाऊस. मग डिकी उघडली की आतून ओल्या टॉवेलचा श्वास यायला लागला तसं आम्ही डिकी उघडायचंच बंद केलं. मी ऑफिसला जायचो तेव्हा मागे दगड, बोळे, टॉवेल सगळं माझ्याबरोबर कामावर येत होतं.

असे तीन आठवडे गेले आणि एका सकाळी घरापासून तीनशे मीटरवर गाडी एका बाजूला झुकली.

पंक्चर.

स्टेपनी डिकीच्या तळाला. म्हणजे आधी सगळं बाहेर. मी रस्त्याच्या कडेला एकेक करून मांडलं, बॅगा, दगड, टॉवेल (लांब ठेवला), दुसरी चप्पल. तळाची फळी उचलली, जॅक-पान्याची पिशवी काढली, तर आतून काहीतरी खुळखुळलं. घराची किल्ली. चोराच्या बापालाही सापडणार नाही म्हणून तिथे ठेवली होती, आत्ता लख्ख आठवलं. कुलूप बदलून वीस दिवस झाले होते. स्टेपनी काढून दाबली तर अंगठा आत गेला, कारण रोज सकाळी हवा मी चार टायरची तपासत होतो.

शेजारचे काका फिरून येत होते. बॅगा बघून थांबले.

"परत निघालात वाटतं? मजा आहे बुवा तुमची."

मी हातातली किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, "हो ना काका."