लीलावतीची गोष्ट आणि परदेशी संकेतस्थळे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बाई,

गणिताचा इतिहास शिकवताना उपयोगी पडतील अशा संकेतस्थळांची जी यादी मी दिली होती, तिच्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवलेल्या शिक्षिकेचा राग तिच्यात आहे आणि तो बराचसा रास्त आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : यादी परदेशी संस्थांनी भरलेली आहे आणि भारतीय गणित शेवटच्या एका ओळीत उरकले आहे, साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासाला, बाबिलोनच्या विटांची चित्रे पाहायला सवड कोणाला आहे, आणि भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची, गोष्ट मी ‘दंतकथा’ म्हणून मोडीत काढली, पण मुलांच्या लक्षात राहते ती तीच, मग ती त्यांच्याकडून हिरावून का घ्यायची. मी तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोहोंचे उत्तरही मला त्याच वाटेवर सापडते.

गोष्ट आपण वर्गात अनेकदा सांगितली असेल. मुलीच्या पत्रिकेत लग्न-संततीचे सुख नाही, ते टाळणारा एकच मुहूर्त आहे, तो चुकू नये म्हणून वेळ मोजायला पाण्यात तळाला छिद्र असलेले घटिकापात्र सोडलेले आहे. ती वाकून पाहते, तिच्या पोशाखातला मोती पात्रात पडतो, छिद्र बुजते, घटका भरतच नाही आणि मुहूर्त टळतो. मग बाप तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथ लिहितो. ही कथा येते ती कवी फैजीच्या प्रस्तावनेतून. अकबराच्या आज्ञेवरून त्याने १५८७ मध्ये ‘लीलावती’ या अंकगणिताच्या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले. मूळ ग्रंथ ११५० चा आहे. म्हणजे ग्रंथ आणि गोष्ट यांच्यात ४३७ वर्षांचे अंतर आहे. भास्कराचार्यांनी स्वतः यातले काहीही लिहिलेले नाही.

त्यांनी काय लिहिले आहे, ते मात्र आज घरबसल्या पाहता येते. मूळ संस्कृत ग्रंथाच्या जुन्या छापील आवृत्त्या, कोलब्रुकचे १८१७ चे इंग्रजी भाषांतर आणि त्याच्याही एक वर्ष आधी आपल्या मुंबईत छापले गेलेले टेलरचे भाषांतर यांच्या स्कॅन केलेल्या प्रती महाजालावर विनामूल्य मिळतात. त्या उघडल्या की बेरीज-वजाबाकीचे पहिलेच उदाहरण ‘अये बाले लीलावति मतिमति’ असे सुरू होते : २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजा कर. (उत्तरे ३६० आणि ९६४०, मुलांकडून आधी करून घ्यावीत.) गुणाकाराच्या उदाहरणात तीच लीलावती ‘बालकुरङ्गलोलनयने’, म्हणजे हरणाच्या पाडसासारख्या चंचल डोळ्यांची होते आणि तिला १३५ ला १२ ने गुणायला सांगितले जाते. वर्गाच्या उदाहरणात संबोधन ‘सखे’ असे मित्राला आहे. आणि भुंग्यांच्या त्या प्रसिद्ध उदाहरणात, जिथे थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर आणि त्या दोहोंतील फरकाची तिप्पट कुटजावर जाते नि एकच भुंगा हवेत घुटमळत राहतो, तिथे श्रोती ‘मृगाक्षि’ आणि चक्क ‘कान्ते’ आहे. बाप लेकीला ‘कान्ते’ म्हणेल का, हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारून पाहावा. मी विचारला आहे. एका मुलीचे उत्तर होते, ‘सर, मित्र पण आहे आणि बायको पण आहे, म्हणजे ते वाचणाऱ्याशीच बोलतायत.’ हे उत्तर बरोबरच आहे असा माझा दावा नाही, परंतु पंधरा भुंग्यांचे ते उदाहरण तिच्या वहीत त्या दिवशी दोनदा सोडवलेले होते.

म्हणून मी गोष्ट हिरावून घेत नाही, बाई. ती सांगावी, आणि सांगून झाल्यावर ‘हे आपल्याला कसे कळले?’ असे विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या प्रश्नाच्या पाठोपाठ विद्यार्थ्याला मूळ ओळीपर्यंत जे साधन नेऊन सोडते, ते माझ्या लेखी चांगले साधन. जे नेत नाही, ते कितीही देखणे आणि कितीही देशी असले, तरी दुय्यम.

याच कसोटीवर आपला पहिला आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. भारतीय गणितावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर एम. डी. श्रीनिवास, एम. एस. श्रीराम आणि के. रामसुब्रमण्यन या तिघांची वैदिक काळापासून आधुनिक काळापर्यंतची संपूर्ण व्याख्यानमाला आहे, आणि तिच्यात मूळ श्लोक पडद्यावर ठेवून, त्याचा अन्वय लावून, मग आजच्या चिन्हांत मांडणी केलेली आहे. केरळच्या माधवाच्या परंपरेतील अनंत श्रेढींविषयी इतके नेटके विवेचन मी दुसरीकडे ऐकलेले नाही. ती व्याख्यानमाला यादीत तळाशी एका ओळीत टाकणे ही माझी चूक होती आणि ती मी दुरुस्त केली आहे. भाषा इंग्रजी आहे, ही अडचण खरी आहे. मराठीत विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी आहेत, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा १८९६ मधील इतिहास आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती मराठी आज मुलांना जड जाईल, शिक्षकांना जाऊ नये.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र मला मान्य नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ‘मॅकट्यूटर’ या गणित-इतिहासाच्या संग्रहावर आपला विशेष रोष दिसतो. तिथे आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, माधव या सर्वांची चरित्रे आहेत, तीही संदर्भांसह. त्या संग्रहात दोष आहे तो वेगळाच. भारतीय गणितावरचा तिथला जो दीर्घ निबंध अनेक जण डोळे मिटून उद्धृत करतात, तो मुळात एका विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला प्रकल्प आहे. तसे तिथे नमूद केलेले आहे. वाचणारे ते पाहत नाहीत. परदेशी म्हणून नाकारणे आणि परदेशी म्हणून शिरोधार्य मानणे, या दोहोंत मूळ पाहण्याचे कष्ट वाचतात.

देशी अभिमानाच्या बाबतीतही हेच घडते, याचे उदाहरण २०१७ चे आहे. पेशावरजवळच्या बक्षाली गावात १८८१ मध्ये सापडलेली, शून्याचे चिन्ह वापरणारी भूर्जपत्रांची गणिताची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या तीन पानांची कार्बन-चाचणी झाली, एका पानाचा काळ तिसरे-चौथे शतक निघाला, आणि ‘शून्य पाचशे वर्षांनी जुने झाले’ अशा बातम्या आपल्याकडे झळकल्या. उरलेल्या दोन पानांचे काळ सातव्या-आठव्या आणि नवव्या-दहाव्या शतकातले निघाले होते, हे बातम्यांत मागे पडले. एकाच सलग ग्रंथाची पाने पाच-सहा शतकांच्या अंतराने कशी लिहिली जातील, असा आक्षेप किम प्लॉफ्कर, ताकाओ हायाशी आदी पाच अभ्यासकांनी त्याच वर्षी एका लेखात घेतला, आणि तो लेख महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. वर्गात बातमी आणि तो लेख शेजारी शेजारी ठेवले, तर एका तासात पुराव्याविषयी जे शिकवून होते, ते वर्षभराच्या सुविचारांनी होणार नाही.

आता सवडीचा प्रश्न. ही साधने मी मुलांसाठी सुचवलेलीच नाहीत. ती शिक्षकाने रविवारी घरी पाहायची आणि सोमवारी खडूने फळ्यावर उतरवायची आहेत. आपण ज्यांना विटा म्हणालात, त्या बाबिलोनच्या मातीच्या वड्यांतली येल विद्यापीठातील एक तळहातावर मावते आणि ती शिकणाऱ्या मुलाची असावी असे अभ्यासक मानतात. म्हणजे तीही पाटीच. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पाटीवर एक चौरस आहे, बाजू ३०, आणि कर्णावर साठांच्या पद्धतीत १; २४, ५१, १० हे अंक कोरलेले आहेत. मुलांना १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६००० एवढे करायला सांगावे. १.४१४२१२९६ येते, आणि दोनाच्या वर्गमुळाशी दशांश चिन्हानंतरची पाच स्थळे जुळतात. चौरस काढण्यापासून उत्तरापर्यंत दहा-बारा मिनिटे लागतात, संगणक लागत नाही, आणि अपरिमेय संख्यांचा पाठ ज्या दिवशी असेल त्या दिवशी अभ्यासक्रमाबाहेर पाऊलही टाकावे लागत नाही.

तेवढ्याच वेळात आपल्याकडचे हवे असेल, तर ‘रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः’ ही भास्कराचार्यांची ओळ घ्यावी. रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणजे शके १०३६, त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. जन्मसाल स्वतः लेखकाच्या तोंडून, तेही कोड्यात. पुढच्याच चरणात छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी (लीलावती हा त्याचाच पहिला भाग) रचल्याचे ते सांगतात. ११५० हे साल कुठून आले, ते मुलांना आपले आपण काढता येते.

आपण खानदेशात नोकरी केल्याचे लिहिले आहे, म्हणून एक साधन खास आपल्यासाठी. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, अशी शके ११२८ ची हकिकत त्यात आहे, आणि शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या मालिकेच्या पहिल्या खंडात संस्कृत पंडित कीलहॉर्नने दिलेला त्याचा पाठ महाजालावर वाचता येतो. त्यातल्या वंशावळीत मुलगा लक्ष्मीधर आहे, मुलगी नाही. अर्थात अशा वंशावळींत मुलींची नावे सहसा येतच नसत, त्यामुळे एवढ्यावरून लीलावती नव्हती असेही म्हणता येणार नाही. हा शिलालेख मी यादीत सर्वांत वर घेतला आहे. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तिथे जाऊन आजच्या स्थितीतले त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून पाठवले, तर तेही शेजारी लावीन.