राग नेहमी उतारावर सोडावा

तुम्हाला राग येतो हे आधी मान्य करा. लाजू नका. आपल्या गावाचं नावच एका कापलेल्या नाकावरून पडलं, असं पंचवटीतला कुठलाही रिक्षावाला भाविकांना सांगतो. शूर्पणखेचं नाक इथं गेलं आणि तेव्हापासून नाशिककराच्या नाकावर राग बसलेला आहे. त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. द्राक्षं आणि कांद्यासारखंच तेही इथलं पीक समजा.

पण हल्ली राग येणं मागासलेपणाचं समजतात. माझ्या कंपनीत गेल्या महिन्यात आम्हा चाळीस जणांना एका खोलीत बसवून, एसी बंद असताना, 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवली. शिकवणारे गृहस्थ दीड तास उशिरा आले आणि वेळेच्या नियोजनावर दोन शब्द बोलून त्यांनी सुरुवात केली. कुणी चिडलं नाही, कारण पहिल्या रांगेत मॅनेजर बसले होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तर ही विद्या तशी जुनी नाही. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती मांडली. आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, आणि वागताना ती ओळख वापरायची. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं, कल्पना कंपन्याकंपन्यांतून फिरली आणि फिरत फिरत आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोचली. मेंदूत अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे दोन छोटे भाग असतात. विचार करणारा मेंदू चष्मा शोधतोय तोवर हे धोक्याची घंटा बडवून मोकळे होतात. लहानपणी आईनं बुद्धीसाठी रोज भिजवलेले बदाम चारले, ते बहुधा तिथंच जाऊन बसले.

पहिला उपाय श्वासाचा. आखूड घ्यायचा, लांब सोडायचा. लांब सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे खरं आहे. प्रयोगासाठी द्वारका चौक उत्तम. वेळ संध्याकाळी साडेसहाची. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्गाच्या गाड्या सुसाट चाललेल्या, आणि खाली तुम्ही स्कूटरवर, नाशिकरोडला पोचायची आशा धरून. पुढं एसटी, डावीकडे कांद्याच्या गोण्यांचा टेम्पो, उजवीकडे उलट्या दिशेनं घुसलेली रिक्षा. तिचा चालक 'तुम्ही इकडं कसे?' अशा चेहऱ्यानं तुमच्याकडे बघतोय. आता लांब श्वास सोडा. सोडायला काहीच हरकत नाही. पुढचा एसटीच्या मागून घ्यावा लागतो, एवढीच अडचण.

दुसरा उपाय मला मनापासून आवडला. भावनेला नाव द्यायचं. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं की अमिग्डालाची धडपड कमी होते. इथं आपल्याला कोण हरवणार? हॉर्न सिग्नल सुटायच्या आत मागून वाजला तर ती चिडचिड. साहेबांनी रविवारी बोलावलं तर वैताग. शेजाऱ्यानं आपल्या फाटकासमोर गाडी लावली तर संताप, आणि गाडी आपल्यापेक्षा भारी असेल तर जळफळाट. सगळा अर्ज भरून झाल्यावर ओटीपीची मुदत संपली, की तळपायाची आग मस्तकात. बायको करते ती तणतण, बहिणीचा तो फणकारा. पुरुषांना मात्र फक्त सात्त्विक संताप येतो, हे कुठल्या संशोधनात सापडलं ते शिबिरात सांगितलं नाही.

तर मी द्वारकेवर हेल्मेटची काच वर केली आणि त्या रिक्षावाल्याला शांतपणे म्हणालो, "मला आत्ता चिडचिड होतेय."

"होऊ द्या ना भाऊ," तो म्हणाला. "मला सकाळपासून होतीये."

तिसरा उपाय दृष्टिकोन बदलण्याचा. घटना तीच ठेवायची, अर्थ नवा लावायचा. रस्ता खणलेला दिसला की खड्डा म्हणू नका. २०१५ नंतर आता २०२७ चा सिंहस्थ आहे, बारा वर्षांनी येणारा पर्वकाळ आहे, त्याची ही पूर्वतयारी. स्कूटर त्यात आदळली तर पर्वणीआधीचं पहिलं स्नान झालं असं समजा. आणि द्वारकेवर पाऊण तास अडकलात, तरी उभे आहात ते पुण्याच्याच मार्गावर. खड्डा बुजवायला डांबर लागतं, दृष्टिकोन बदलायला काहीच लागत नाही. म्हणून तर शिबिरं दृष्टिकोनाचीच भरतात.

सिंहस्थावरून आठवलं. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव इथं रामकुंडावर. आधी स्नान कुणी करायचं या मानावरून पूर्वी त्यांच्यात भांडणं पेटली, म्हणून ही वाटणी झाली. म्हणजे घरदार सोडलेल्या साधूंनाही राग आवरायला मध्ये जवळपास तीस किलोमीटर लागले. तुम्हाला मात्र दहापर्यंत आकडे मोजायला सांगितलं जातं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी शिबिरात सांगत नाहीत. भावनिक बुद्धिमत्ता तुमच्यात भरपूर आहे. तुम्ही कुठं कुठं चिडत नाही ते एकदा आठवा. मॅनेजरनं सहा वाजता नवं काम टाकलं, तुम्ही "हो सर, करतो ना" म्हणालात. हवालदारानं अडवलं, तुमच्या तोंडून न शिकवता "साहेब" निघालं. सासऱ्यांनी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली आणि तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसलात. श्वास, नाव, दृष्टिकोन, काही लागलं नाही. अमिग्डालाला पगारपत्रक वाचता येतं.

मग रविवारी मिसळीच्या ठिकाणी पाऊण तास रांगेत थांबून टेबल मिळतं आणि पोऱ्या रस्सा आणायला दोन मिनिटं उशीर करतो. हां, इथं बिनधास्त सुटा. "मालक कुठाय?" असं विचारा, दोन टेबलांपलीकडे ऐकू जाईल इतपत. सोसायटीच्या वॉचमनवर सुटा. जिना चढून धापा टाकत आलेल्या डिलिव्हरीवाल्यावर सुटा, लिफ्ट आपलीच बंद असली तरी. ग्राहक सेवेच्या फोनवरची मुलगी तर "तुमच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणण्याचाच पगार घेते. राग पाण्यासारखा असतो, उतार दिसला की आपोआप जातो. चढावर ढकलायला गेलात तर कायमस्वरूपी घरी बसाल.

सगळ्यात सोयीचा उतार अर्थात घरी असतो. शिबिराच्या दिवशी मी प्रमाणपत्र डिकीत ठेवून घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. दिवसभरात मी कुणावरही आवाज चढवला नव्हता. चपला काढतोय तेवढ्यात आईनं मोबाइल पुढं केला. नातवाचा फोटो मोठा करून कसा बघायचा, हे ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारत होती.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं सांगतो.

आईनं मोबाइल बाजूला ठेवला, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "द्वारकेवरून आलास ना?"