थुंकीच्या नळीत गावाचं नाव नसतं

भावकीच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय: "कागद खोटं बोलतात, डीएनए नाही. थुंकीची नळी पाठवा, सात पिढ्या आणि मूळ गाव कळेल. मोडीची बाडं कशाला सांभाळता?" हे वाचून माझ्या चुलतभावाने घरचं दप्तर रद्दीत काढलं, म्हणून लिहितोय.

"सात पिढ्या कळतात." सात पिढ्या मागे आपले १२८ पूर्वज होतात. एकेकाचा वाटा सरासरी पाऊण टक्का, तोही सारखा नाही. आणखी मागे गेलं की काही पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं येतं खरं, पण ते त्या १२८ मधल्या एकाचंच.

"मूळ गाव कळतं." अहवालातली टक्केवारी म्हणजे कंपनीजवळच्या नमुन्यांशी केलेली तुलना. नमुने वाढले की त्याच थुंकीचे आकडे बदलतात. गाव सापडतं ते त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तिथे कोण आलं, कुठून आलं, बरोबर कोण होतं, हे लिहिलेलं असतं.

"कागद जुळत नाहीत, म्हणजे खोटे." हे मला सगळ्यात जास्त लागलं. आमच्या एका पूर्वजाच्या एका कागदावर शके १७५२, दुसऱ्यावर नुसतंच 'सन १२४०'. थोरले काका म्हणायचे, पाचशे वर्षांचा फरक, दोन्ही फेकून द्या. दुसरं साल फसली, म्हणजे महसुलासाठी वापरायच्या कालगणनेतलं निघालं. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०. दोन्हीकडे इसवी सन १८३० येतं. पण त्याच माणसाच्या बापाचं नाव दोन कागदांत दोन! तो गुंता तिसऱ्या कागदाने सोडवला, दत्तकपत्राने. असलं दत्तक बहुतेकदा भावकीतूनच घेत, म्हणजे वाय गुणसूत्र तेच. ही गोष्ट कुठलीही चाचणी सांगू शकली नसती.

चाचणीचा उपयोग आहेच. आमच्याच आडनावाचं एक घर इंदूरला आहे, ते आमच्यातलेच का, यावर दोन पिढ्या वाद चाललाय. तिथल्या आजोबांची आणि माझ्या वडिलांची वाय चाचणी केली तर पुरुषांची रेघ एक आहे का ते कळेल. ती कोणापाशी फुटली, त्याचं नाव मात्र दप्तरातच शोधावं लागेल.

दप्तर मी परत आणलंय. एकेका पानाचा फोटो काढून झाला की मोडी वाचणाऱ्या बाईंकडे नेतोय.